संगणकाचं '१५००' आणि आपलं १५००: ताकद नेमकी मोजायची कशी?

पार्कचौक_प्यादं

नमस्कार मंडळी. सोलापुरातून विचारतोय. बुद्धिबळ खेळतो, पण फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग, म्हणजे ताकदीचा अधिकृत आकडा, अजून नाही. पुढे पुण्याकडे किंवा सांगलीकडे एखादी रेटिंग स्पर्धा खेळायचा विचार आहे, त्याआधी आपण कुठे उभे आहोत ते संगणकाशी खेळून ताडून बघायचंय.

अडचण अशी की जिथे जावं तिथे वेगळा आकडा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर संगणकाची पाचवी पातळी बहुतेक वेळा हरते, सहावी मात्र मला धुते. चेस डॉट कॉमवरचा १३०० चा नेल्सन नावाचा बॉट (संगणकी खेळाडू) आता त्रास देत नाही. पण लॅपटॉपवर अरेना या बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये स्टॉकफिश हे इंजिन घालून १५०० लावलं की सगळंच फिसकटतं. वीस खेळ्या ग्रँडमास्टरसारख्या, आणि एकविसाव्याला हत्ती फुकट.

यातला कुठला आकडा धरायचा? सेटिंग काय ठेवायची? आणि किती डाव खेळल्यावर निकालाला अर्थ येतो? लॅपटॉप जुना आय३, तिसऱ्या पिढीचा, ८ जीबी रॅम.

तिरका_उंट

थेट फिडेच्या जागी धरावा असा यातला एकही नाही.

स्टॉकफिशमधला 'यूसीआय एलो' (एलो म्हणजे रेटिंगचा आकडा, हे त्या सेटिंगचं नाव) हा इंजिनांच्या आपसातल्या डावांवरून बेतलेला आकडा आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत तो १३२० ते ३१९० पर्यंत लावता येतो. १२० सेकंद अधिक दर खेळीला १ सेकंद या वेगावर तो जुळवलेला आहे आणि सीसीआरएल नावाच्या इंजिनांच्या क्रमवारीला बांधलेला आहे. त्या क्रमवारीत सगळी इंजिनंच. तुम्ही पंधरा मिनिटांचा डाव खेळलात की ना वेग तो राहिला, ना समोरचा माणूस.

लिचेसच्या आठ पातळ्या म्हणजे ताकद कमी केलेला स्टॉकफिशच, आणि ते डाव रेटिंगला धरले जात नाहीत. चेस डॉट कॉमच्या बॉटला आकडा चिकटवलेला असतो, पण त्याची एक ठरलेली ढब असते. नेल्सन वजीर लवकर बाहेर काढतो. त्याच्यावरचा उतारा पाठ झाला की तो हरणारच. त्यावरून १३०० चा माणूसही हरेल असं निघत नाही, कारण तो माणूस प्रत्येक डावात वजीर घेऊन पळत सुटत नाही.

आता हत्ती फुकट का जातो ते. स्टॉकफिशची ताकद कमी केली की तो आत किमान चार पर्यायी खेळ्या मोजतो. शोध ठरावीक खोलीला (पातळी अधिक १) पोचला की त्या चारांतून थोडं नशीब मिसळून एक उचलतो. एलो लावला तरी आतल्या आत तो आकडा याच ० ते २० च्या पातळीत बदलला जातो. म्हणजे तो न दिसल्यामुळे चुकत नाही, चूक त्याच्याकडून करवून घेतली जाते. माणूस चुकतो ते मागे येणारा घोडा, पटाच्या पार टोकाचा उंट, खिळलेलं मोहरं अशा ठिकाणी. तिथे हा बहुधा चुकत नाही आणि शाळकरी पोरगंही देणार नाही ते मोहरं देऊन मोकळा होतो. त्याच्याविरुद्ध जिंकायची सवय लागली की आपण वाट बघत बसायला शिकतो: थांबा, देईल काहीतरी. स्पर्धेत ही सवय लई महागात पडते.

जाता जाता: नेटवर 'लिचेस इतकं म्हणजे फिडे इतकं' असे तक्ते फिरतात. १ मार्च २०२४ आधीचा तक्ता असेल तर सरळ सोडून द्या. त्या दिवशी फिडेने २००० खालच्या सगळ्यांचं रेटिंग वर सरकवलं, २००० पर्यंत जेवढं अंतर होतं त्याच्या ४० टक्के मिळवून. १२०० वाला एका रात्रीत १५२० झाला. तळही १००० वरून १४०० वर आला.

एकधागी

तत्त्व वर आलंच आहे, मी सेटिंगचं सांगतो.

आधी स्टॉकफिशची फाइल बरोबर उतरवली का बघा. तिसऱ्या पिढीच्या आय३ मध्ये एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या आज्ञांचा एक संच) नसतं, ते चौथ्या पिढीपासून आलं. एव्हीएक्स२ ची फाइल घातली तर अरेनात इंजिन सुरू होताच बंद पडतं आणि लोक अरेनाला शिव्या देतात. तुम्हाला 'एसएसई४१ पॉपकंट' नावाची फाइल लागेल.

मग इंजिनाच्या कॉन्फिगर खिडकीत 'यूसीआय लिमिट स्ट्रेंग्थ' वर टिक करा. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. खाली एलो १५०० लिहितात, टिक विसरतात, आणि समोर पूर्ण ताकदीचा स्टॉकफिश बसलेला असतो. टिक असेल तर 'स्किल लेव्हल' कितीही ठेवा, ती बघितली जात नाही, एलोच चालतो. त्यामुळे दोन्ही फिरवत बसू नका.

थ्रेड (एकाच वेळी चालणारे शोध) १, हॅश (इंजिनाची तात्पुरती स्मृती) ६४ एमबी, पॉन्डर (तुमच्या वेळेतही विचार करणं) बंद. वेळ दोघांना सारखी, १५ मिनिटं अधिक १० सेकंद. ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार खेळ्यांची फाइल) चालू ठेवा पण सहा-आठ खेळ्यांपुरतं. फार खोल बुक दिलं तर तुम्ही बाराव्या खेळीपर्यंत ग्रँडमास्टरांचा सराव मोजत बसाल, १५०० चा नाही.

आणि इंजिनाच्या विचारांची खिडकी बंद करा. अरेनात ती खालीच उघडी असते. '-१.८' (म्हणजे इंजिनाच्या मते तुम्ही मागे आहात) दिसलं की डोळे आपोआप शोधायला लागतात की काय चुकलं. ही तर फुकटची सूचना झाली. तो डाव मोजणीतून गेला.

रंग आलटून पालटून, खेळी मागे घ्यायची नाही. शक्य असेल तर खरा पट मांडा, खेळी पटावर करा आणि मग माऊसने घाला. हॉलमध्ये पट समोर आडवा असतो, लॅपटॉपवर वरून बघितल्यासारखा. नुसत्या स्क्रीनवर सराव केलेल्याला खऱ्या पटावर लांबचे तिरके हल्ले उशिरा दिसतात.

घोडा_कडेला

स्टॉकफिशची ताकद कमी करून मोजणं हे मुळातच चुकीचं हत्यार, असं माझं मत. मी माया सुचवते.

माया हे माणसांनी लिचेसवर खेळलेल्या डावांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क आहे. सगळ्यात चांगली खेळी कुठली हे शोधणं त्याचं काम नाही. या रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, हे ते ओळखतं. ११०० ते १९०० असे नऊ टप्पे आहेत. लिचेसवर माया१, माया५, माया९ नावाचे बॉट आहेत, अनुक्रमे ११००, १५००, १९०० चे. साध्या पातळ्यांशी डाव रेटिंगचा होत नाही, पण बॉट खात्यांशी होऊ शकतो. म्हणजे मोजणी आयतीच होते.

घरी चालवायचं तर एलसी झिरो या इंजिनात मायाची वेट फाइल (शिकलेल्या नेटवर्कची फाइल) घालायची आणि नोड (एका खेळीसाठी तपासायच्या स्थिती) १ ठेवायचा. हे महत्त्वाचं आहे. नोड वाढवलेत तर ती पुढचं शोधायला लागते आणि 'माणसासारखं' खेळणं तिथेच संपतं. नोड १ ला ग्राफिक्स कार्डची गरज नाही, जुन्या आय३ वर खेळी लगेच येते.

तिचे दोष पण सांगते. एक, नोड १ वर त्याच स्थितीत ती तीच खेळी करते. एकदा जिंकलेला डाव तसाच्या तसा पुन्हा खेळून गुण गोळा करता येतात, नकळतसुद्धा. म्हणून बुक लावा किंवा दर डावाला सुरुवात बदला. दोन, ती पुढचं काही मोजत नाही, त्यामुळे अंतिम टप्प्यात भरकटते. वजीर जास्त असूनही मात देताना घुटमळते. तो अर्धा गुण तुमच्या कौशल्याचा धरू नका. तीन, ती ताबडतोब खेळते. माणसाशी खेळताना त्याच्या वेळेतही आपलं डोकं चालू असतं, इथे तो वेळ मिळत नाही. म्हणून मायाशी खेळताना स्वतःला थोडी जास्त वेळ ठेवली तरी चालेल.

एकधागी

होय की, मायाचं पटलं. पण स्टॉकफिश अगदीच टाकू नका. डावपेचांची शिस्त तपासायला तोच बरा. त्याच्यासमोर मोहरं उघडं राहिलं की सहसा परत मिळत नाही.

जुळे_सोलापूर

किती डाव, हा प्रश्न अजून कुणी घेतला नाही.

अपेक्षित गुणांचं सूत्र सगळ्यांना माहीत असतं: १०० गुणांनी वरचढ असलात तर ६४ टक्के, २०० ने ७६, ४०० ने ९१. उलटं करायचं असेल, म्हणजे टक्क्यांवरून फरक काढायचा, तर फिडेचा तक्ता वापरा. त्यातले कामाचे आकडे: ५५ टक्के म्हणजे +३६, ६० म्हणजे +७२, ६५ म्हणजे +११०, ७० म्हणजे +१४९, ७५ म्हणजे +१९३. पन्नासच्या खाली तेवढेच वजा.

उदाहरण घ्या. १५०० लावलेल्या प्रतिस्पर्ध्याशी २० डाव: ७ विजय, ४ बरोबरी, ९ हार. गुण ९, म्हणजे ४५ टक्के. तक्त्यात -३६, म्हणून कामगिरी १४६४. इथपर्यंत सगळेच येतात आणि '१४६४' लिहून मोकळे होतात. पण २० डावांत नुसत्या योगायोगाने ढोबळमानाने १४० इकडे-तिकडे होऊ शकतं. १० डावांत हाच पसारा २०० च्या आसपास, ४० डावांत १०० च्या. तेव्हा २० डावांनंतर प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं की १३२५ ते १६०० च्या दरम्यान कुठेतरी. डाव चौपट केले की पसारा निम्मा होतो, त्याहून स्वस्तात काही मिळत नाही.

म्हणून एकाच सेटिंगवर ४० डाव पूर्ण करा, मध्ये काहीही बदलू नका. दहा डाव हरलो म्हणून एलो खाली, पाच जिंकलो म्हणून वर असं केलंत तर शेवटी हातात काही राहत नाही. आणि प्रतिस्पर्धी असा निवडा की ४० ते ६० टक्क्यांत गुण पडतील. ९० टक्के जिंकत असाल तर त्या भागात तक्ता इतका ताणलेला असतो की एका डावाने उत्तर पन्नासेक गुणांनी हलतं.

पार्कचौक_प्यादं

सगळ्यांचे आभार. 'लिमिट स्ट्रेंग्थ'ची टिक खरंच नव्हती का ते आज बघतो. एक शंका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर. दुपारी लॅपटॉपचा पंखा बोंबलत असतो, मध्येच लाईट गेली की बॅटरीवर. तापल्यावर प्रोसेसर मंदावतो म्हणतात. मग दुपारचा १५०० आणि रात्रीचा १५०० सारखा का?

तिरका_उंट

सारखा नसणार. तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो, बॅटरी सेव्हर लागला की आणखी. सेकंदाला मोजल्या जाणाऱ्या स्थिती घटल्या की त्याच वेळात इंजिन कमी खोल जातं. म्हणून चार्जर लावून, 'बेस्ट परफॉर्मन्स' ठेवून, शक्यतो रात्री खेळा.

एकधागी

उंटराव, पूर्ण ताकदीच्या इंजिनाला हे बरोबर आहे, या प्रश्नाला नाही. तुम्हीच वर लिहिलंत की कमी केलेला स्टॉकफिश पातळी अधिक १ या खोलीला खेळी उचलतो. १५०० ला ती खोली इतकी उथळ असते की तापलेला आय३ सुद्धा क्षणात तिथे पोचतो. उरलेला वेळ तो शोधत राहतो, पण खेळी तीच राहते. माया तर नोड १ वर, तिथे वेगाचा संबंधच नाही. तेव्हा दुपार-रात्र फरक पडणार नाही. फरक पडेल तो खेळणाऱ्याच्या डोक्याला, आणि तो चांगलाच पडेल, म्हणून वेळ एकच ठरवा.

उष्णतेचा खरा प्रश्न विश्लेषणाला येतो. तिथे 'एका खेळीला ५ सेकंद' असं देऊ नका, खोली द्या. आपल्या डावांसाठी २० ते २२ भरपूर. किंवा ठरावीक नोड द्या. मग गार असो की तापलेला, काम तेवढंच होतं, फक्त उशिरा संपतं. विश्लेषणासाठी हॅश १०२४ एमबी करा, थ्रेड एक कोर मोकळा ठेवून. खाली गादी-उशी नको, मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवली तरी हवा खेळते.

तिरका_उंट

मान्य. खोलीचं विसरलो नव्हतो, जोडलं नव्हतं.

मोहरा_क्र_सतरा

४० डावांनंतर एक आकडा हाती येईल, पण १४६४ आलं म्हणून उद्या सकाळी करायचं काय? ताकद कुठे गळते ते कळायला तीन वेगळ्या चाचण्या घ्या.

पहिली, ब्रात्को-कोपेक. १९८२ ची जुनी चाचणी, २४ स्थिती, प्रत्येकीला २ मिनिटं. निम्म्या डावपेचांच्या, निम्म्या प्याद्यांच्या रेटारेटीच्या. माणूस आणि यंत्र दोघांनाही एकाच फूटपट्टीवर बसवायला ती केली होती. पहिल्या स्थितीचं उत्तर इथेच फोडतो, म्हणजे चव कळेल. काळ्याचा वजीर डी१ वर शह देत फुकट जातो. राजा मारतो, उंट डी७ वरून जी४ ला, हत्ती आणि उंटाचा दुहेरी शह. राजा कुठेही जावो, हत्ती डी१ वर मात. डावपेचांच्या बारांत चांगले आणि प्याद्यांच्या बारांत शून्य असं ज्यांचं होतं, त्यांचा सराव सगळा पझलवर झालेला असतो. सोलापुरी भाषेत, चटणीच चटणी, भाकरी नाही.

दुसरी, अंतिम टप्पा, आणि इथे स्टॉकफिश पूर्ण ताकदीवर. ही स्थिती मांडा: पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७. काळा राजा ई८, हत्ती एच६. तुम्ही काळे, खेळी पांढऱ्याची, बरोबरी राखायची. हत्ती सहाव्या ओळीवरच ठेवायचा, पांढऱ्या राजाला तिथे येऊ द्यायचं नाही. प्यादं ई६ ला सरकलं की त्याच क्षणी हत्ती एच१ ला, आणि मागून शह सुरू. आता राजाला प्याद्याची आड उरलेली नसते. प्यादं सरकायच्या आधीच शह द्यायला गेलात किंवा सरकल्यावर एक खेळी उशीर केलात की डाव निसटू शकतो.

आता जिंकायची: पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती ई१. काळा राजा डी७, हत्ती एच२. खेळी पांढऱ्याची. हत्ती ई४! मग राजा एफ७, शह खात खात जी६, एफ६, जी५, आणि शेवटच्या शहाला हत्ती जी४ वर आडवा. यालाच पूल बांधणं म्हणतात. सात जणांपैकी सहा जण हत्ती ई४ ऐवजी राजा आधी हलवतात, असं मी म्हणणार नाही, पण चुकणाऱ्यांची चूक हीच असते.

इथे यंत्राचा एक तोटा आहे. हरलेल्या स्थितीत पूर्ण ताकदीचं इंजिन माणसासारखं झुंजत नाही. मात दोन खेळ्या लांबते म्हणून हत्ती प्याद्यावर देऊन टाकतं आणि तुमचा पूल बांधायचा सराव राहून जातो. बरोबरीच्या स्थितीत उलट. त्याला सगळ्या खेळ्या ०.०० दिसतात, त्यामुळे ते सापळे लावत नाही. म्हणून प्रत्येक स्थिती दोन-तीनदा, आणि एकदा क्लबातल्या माणसाशी.

तिसरी, मोहरं जास्त घेऊन. लिचेसवर लीला नाइट ऑड्स नावाचा बॉट आहे, तो घोडा कमी घेऊन खेळतो. समोरची ताकद प्रचंड, पण तुमच्याकडे आख्खा घोडा जास्त. अदलाबदल करत डाव साधा करता येतो का, ते यात उघडं पडतं. बहुतेक जण घोडा जास्त आहे म्हणून हल्ल्याला जातात आणि पस्तिसाव्या खेळीला बरोबरी मागतात.

घोडा_कडेला

विश्लेषणाबद्दल एक पुरवणी. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून इंजिन दाखवतं त्या +१.०० गुणांकनाचा अर्थ ठरवून घेतलेला आहे: इंजिन विरुद्ध इंजिन, जिंकायची शक्यता ५० टक्के. तुमच्या-माझ्या डावात +१.० ते -१.० च्या हेलकाव्यांना लाल शाई लावत बसू नका. दोन किंवा जास्तची उडी झाली तिथेच थांबा. आणि इंजिन उघडायच्या आधी डाव कोऱ्या कागदावर स्वतः तपासून तीन संशयाच्या खेळ्या लिहून ठेवा. इंजिनाने दाखवलेल्या उड्या त्या तिनात आहेत का, हे दर डावाला नोंदवा. नसतील तर चूक झाली तेव्हाही आणि नंतरही ती दिसत नाहीये, म्हणजे सराव डावपेचांचा. असतील तर दिसत होती पण घाई झाली, म्हणजे घड्याळाचा.

पार्कचौक_प्यादं

टिक नव्हतीच! इतके दिवस स्किल लेव्हल खाली ओढून ठेवली होती, १५०० नुसता शोभेला.

मग आता असं ठरवतो: माया५ शी ४० डाव, १५ अधिक १०, रात्री नऊनंतर, खरा पट मांडून. एक राहिलं. हरलेला डाव सोडायचा कधी? आणि माया भरकटते म्हणालात, तर हरलेला डाव रेटत राहिलो तर मोजणी बिघडणार नाही का?

जुळे_सोलापूर

बिघडणार. नियम आधीच लिहून ठेवा आणि ४० डाव तोच पाळा. वजीर किंवा हत्ती बदल्यात काहीही न मिळता गेला आणि पुढच्या पाच खेळ्यांत काही परत आलं नाही तर राजीनामा. उलट बाजूने, तुम्ही तेवढे वरचढ असाल तर मात देईपर्यंत खेळा, सोडू नका. ते काम स्पर्धेत करावंच लागतं. नेट तुटून गेलेला डाव मोजू नका, पण वेळ संपून हरलेला मोजा. आणि पीजीएन फाइल (डावांची नोंद) एकच ठेवा, दर डावाखाली वेळ, रंग आणि राहिलेली मिनिटं. चाळीस झाले की इथे टाका, बघू.